आधी ऐकून तर घ्या! : छत्रपती प्रतापसिंह आणि रंगो बापूजी यांची गोष्ट वर्गात सांगताना



मागच्या महिन्यात परिपाठात बातम्यांचं वाचन चालू होतं. पाचवीतल्या एका मुलीने टीव्हीवर पाहिलेली बातमी सांगितली. एका देशाच्या नेत्याला सत्तेवरून काढून दुसऱ्या देशात नेऊन ठेवलंय आणि त्याची माणसं दाराबाहेर उभी राहून "आम्हाला भेटू द्या" म्हणतायत. तिने देशाचं नाव चुकवलं, नेत्याचं नाव तर तिला आठवतच नव्हतं. पण प्रश्न अगदी नेमका विचारला : "मॅडम, त्याले भेटू काऊन देत नाहीत?"

मी म्हटलं, उद्या सांगते. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. परदेशातल्या राजकारणात पाचवीच्या मुलांना नेऊन काय करायचं? मुलांना कळेल अशी, आपल्या मातीतली गोष्ट हवी होती. विचार करता करता साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि त्यांचे वकील रंगो बापूजी आठवले. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहेच, शिवाय तिचा एक धागा थेट आपल्या भंडाऱ्याकडे येतो. आजच्या लेखात ती गोष्ट, ती वर्गात कशी सांगितली, आणि ती सांगताना मलाच काय शिकावं लागलं, हे तुमच्यासमोर मांडते.

१) राजा कोण होते?

प्रतापसिंह महाराजांचा जन्म १७९३ चा. शिवछत्रपतींच्या घराण्यातले. पण त्यांच्या लहानपणी सातारच्या गादीला मान होता, सत्ता नव्हती. कारभार पुण्याच्या पेशव्यांच्या हातात होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. राज्य राजाचं, पण राजाजवळ कंपनीचा एक अधिकारी, म्हणजे रेसिडेंट, कायमचा. तहातली एक अट मुलांना आवर्जून सांगा : रेसिडेंटला बाजूला ठेवून राजाने बाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही. पुढचं सगळं प्रकरण याच अटीभोवती फिरलं.

राजा कामाचा माणूस होता. शाळा काढल्या, साताऱ्यात छापखाना आणला, महाबळेश्वरपर्यंत रस्ता करवला, शहराच्या पाण्याची सोय केली. रोजनिशी ठेवायची सवय होती. सुरुवातीची काही वर्षं कंपनीचे साहेबही त्यांच्या कारभाराची स्तुती करत.

मग बिघडलं कुठे? तहाप्रमाणे साताऱ्याच्या आसपासचे काही जहागीरदार राजाच्या अखत्यारीत येतात, असं राजाचं म्हणणं होतं. मुंबई सरकारला ते मान्य नव्हतं. राजा आपला हक्क सोडेना. अर्जावर अर्ज जाऊ लागले. हक्काची आठवण वारंवार करून देणारा माणूस वरच्याला नकोसा होतो. हे आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या जागी अनुभवलं असेल.

२) आरोप आणि आपला भंडाऱ्याचा धागा

१८३६ च्या सुमारास राजावर आरोप आले. मुख्य तीन :

– कंपनीच्या फौजेतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा प्रयत्न केला.
– गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं.
– नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार केला.

तिसरा आरोप वाचला की मी फळ्यावर नकाशा काढते. कारण आपला भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीची लढाई झाली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी आप्पासाहेबांना गादीवरून काढलं आणि अलाहाबादकडे नेत असताना ते वाटेतून निसटले. आपल्याच भागातल्या कामठ्याच्या चिमणा पटेलांनी त्यांच्या बाजूने उठाव केला होता. (कामठा आज गोंदिया जिल्ह्यात येतं. आधी आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं.) आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात गेले, गोंड लोकांनी त्यांना आसरा दिला. तिथून भटकत भटकत शेवटी जोधपूरच्या राजाच्या आश्रयाला पोहोचले आणि १८४० मध्ये तिथेच वारले.

म्हणजे बघा, एक राजा घर गमावून जोधपूरला बसलेला. त्याच्याशी पत्रव्यवहार केला म्हणून दुसऱ्या राजावर आरोप. मुलांना हे लगेच कळतं. एकाने विचारलं, "पत्र सापडलं का?" हाच खरा प्रश्न आहे!

आता चौकशी कशी झाली ते पाहू. १८३६ मध्ये गुप्त समिती बसली. रेसिडेंट लॉडविक, सरकारचे सचिव विलोबी आणि ओव्हान्स. साक्षी राजाच्या पाठीमागे झाल्या. साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायची संधी राजाला मिळाली नाही. पुराव्याच्या कागदांच्या नकला मागितल्या, त्याही मिळाल्या नाहीत. राजाचे दिवाण गोविंदराव यांना आधीच कैद केलेलं होतं. त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या, नावाने एक अर्ज सरकारकडे आला होता आणि त्यात राजाच्या विरोधात मजकूर होता. तो अर्ज प्रत्यक्षात कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने लिहिला होता, हे पुढे उघड झालं. ज्याच्यावर आरोप, त्याला हे कोणी सांगितलं नाही.

३) ५ सप्टेंबर : आणखी एक आठवण

५ सप्टेंबर म्हटलं की आपल्याला शिक्षक दिन आठवतो. त्याच तारखेला, १८३९ साली, प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं.

त्याआधी मुंबईचे गव्हर्नर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आले होते. त्यांनी राजापुढे एक कागद ठेवला. त्याचा अर्थ असा की, तह मोडल्याचं कबूल करा, सही करा, मागचं सारं विसरू, गादी तुमचीच राहील.

इथे गोष्ट थांबवा आणि मुलांना विचारा, "तुम्ही असता तर सही केली असती का?" आमच्या वर्गात जवळजवळ निम्म्या मुलांनी "हो" म्हटलं. राज्य वाचतंय ना! एक मुलगी म्हणाली, "केलं नाही तं हो कसं म्हनावं?" दोन्ही बाजूंना बोलू द्या. घाई करू नका.

राजाने सही केली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की, माझी रीतसर चौकशी करा, मला पुरावा दाखवा, माझं ऐका. गुन्हा केलाच नाही, तर कबुली कशाची देऊ?

रात्रीच्या अंधारात ओव्हान्स फौज घेऊन राजवाड्यात शिरला. प्रतिकार झाला नाही. राजाला पालखीत बसवून साताऱ्याजवळच्या लिंब गावी नेलं. धाकटे बंधू शहाजी, ज्यांना आप्पासाहेबच म्हणत, ते गादीवर आले. (नागपूरचे आप्पासाहेब वेगळे. मुलांचा इथे गोंधळ होतो, आधीच सांगून ठेवा.) वर्षाअखेरीस राजाला काशीकडे रवाना केलं. सोबतचे नातलग बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले. सातारा कुठे, काशी कुठे! आज काशी आपल्याच देशात आहे. पण सातारच्या माणसाला तेव्हा तो परमुलुखच होता. भाषा वेगळी, हवा वेगळी, आणि अवतीभवती कंपनीचा पहारा.

४) बंद दारापुढे १४ वर्षं

आता येतात या गोष्टीतले दुसरे नायक, रंगो बापूजी गुप्ते. रोहिड खोऱ्यातल्या कारी गावचे. हातात तलवार नाही, फौज नाही. ते राजाचे वकील होते. इथल्या सरकारने ऐकलं नाही, मग या सरकारच्या वर कोण? कंपनीचे संचालक. ते कुठे? लंडनला. मग लंडनला जायचं!

१८४० च्या दशकाच्या उंबरठ्यावर हा माणूस समुद्र ओलांडून गेला. त्या काळात समुद्र ओलांडणं म्हणजे नातेवाइकांत, जातीत बोल लावून घेणं. आणि प्रवासही महिनोन्‌महिन्यांचा.

लंडनमध्ये लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची मोठी कचेरी होती. साताऱ्याच्या वकिलांना तिथून मिळणारं उत्तर ठरलेलं : तुमचं जे काही म्हणणं असेल ते मुंबई सरकारमार्फत पाठवा. आम्ही थेट ऐकत नाही.

हे मुलांना कसं समजावाल? मी असं सांगितलं : "समजा वर्गाच्या मॉनिटरने तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू माझ्याकडे आलास. मी म्हटलं, तक्रार लिही आणि मॉनिटरच्या हातून पाठव." अख्खा वर्ग ओरडला, "तो कसा देईन मॅडम!" बस, रंगो बापूजींची अडचण त्यांना कळली. मोठ्या माणसांना कधीकधी कळत नाही ती.

मग रंगो बापूजींनी काय केलं? दार उघडत नाही म्हटल्यावर खिडक्या शोधल्या. इंग्रजी शिकले. राजाची बाजू मांडणारी पत्रकं छापली. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत शेअर असणाऱ्याला प्रश्न विचारता येत असे. तिथे बोलणारी माणसं मिळवली. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य घालवलेले जॉर्ज थॉम्सन नावाचे वक्ते साताऱ्यासाठी उभे राहिले. जॉन सलिव्हन बोलले. पार्लमेंटमध्ये जोसेफ ह्यूम यांनी प्रश्न उचलला. आणि सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे, ज्या गुप्त समितीत स्वतः बसले होते ते लॉडविकसुद्धा पुढे राजाच्या बाजूने बोलू लागले. आपण घेतलेला निर्णय चुकला असं चारचौघांत मान्य करायला मोठं मन लागतं.

या लोकांची मागणी काय होती हे नीट पाहा. त्यांचं पहिलं मागणं "राजाला सोडा" एवढंच नव्हतं. ते म्हणत होते, "राजाला ऐका." कागद दाखवा. चौकशी उघड करा. राजा दोषी निघाला तर निघाला, पण आधी ऐका.

राजा काशीत, वकील लंडनमध्ये. पत्र जायला दोन-दोन महिने. पैसे संपत, कर्ज होई. भागधारकांच्या सभेत तासन्‌तास वाद होत, मतदान होई आणि दर वेळी साताऱ्याची बाजू हरे.

५) शेवट काय झाला?

फळ्यावर ही सनावळी लिहून द्या :

– १८१८ : पेशवाईचा अंत, प्रतापसिंह गादीवर
– १८१९ : कंपनीशी तह
– १८३६ : गुप्त चौकशी
– ५ सप्टेंबर १८३९ : राजा पदच्युत
– १४ ऑक्टोबर १८४७ : काशीत राजाचा मृत्यू
– १८४८ : शहाजींचा मृत्यू. दत्तक नामंजूर करून सातारा खालसा
– १८५३ : रंगो बापूजी परत. त्याच वर्षी नागपूरचे तिसरे रघुजी वारले. वारस नाही म्हणून नागपूरचं राज्य, म्हणजे आपला भंडाराही, कंपनीच्या घशात
– १८५७ : साताऱ्याचा उठाव फसला

राजाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं गेलं नाही. आठ वर्षं काशीत काढून ते तिथेच गेले. रंगो बापूजी त्यानंतरही सहा वर्षं लंडनला झगडत राहिले. आता राजासाठी नाही, तर त्यांच्या वारसासाठी. १४ वर्षं कायद्याच्या वाटेने चालून रिकाम्या हाताने परतलेला हा माणूस १८५७ मध्ये साताऱ्याच्या कटात सापडतो. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर १७ जणांना देहदंड दिला. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजींना पकडायला बक्षीस लावलं होतं. ते सापडलेच नाहीत.

मला इथे एक गोष्ट मुलांपेक्षा आपल्या मोठ्यांना सांगावीशी वाटते. जो माणूस १४ वर्षं अर्ज करतो, त्याचा कायद्यावर विश्वास असतो. आपण ऐकलं नाही तर तो विश्वास आपणच मोडतो.

६) उलट बाजू : रत्नागिरीचा थिबा राजा

आपलाच राजा दूर नेला म्हणून आपल्याला वाईट वाटतं, हे साहजिक आहे. म्हणून मुलांना लगेच दुसरी गोष्ट सांगा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेच्या गादीवरून उतरवलं, आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीला आणून ठेवलं. सोबत राणी आणि लहान लहान मुली. कोकणातली माणसं त्याच्यासाठी परकी, त्याची भाषा आपल्यासाठी परकी. तब्बल ३० वर्षं तो रत्नागिरीत राहिला. १९१० मध्ये बांधून झालेला थिबा राजवाडा आजही पर्यटक पाहतात. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर फुलं वाहायला आले होते. राजाच्या मृत्यूनंतर ९६ वर्षांनी!

एका मुलाने विचारलं, "मंग रत्नागिरीवाले त्याले भेटत होते का?" मी तोच प्रश्न वर्गाकडे वळवला : "आपल्या गावात असा परदेशी राजा आणून ठेवला असता तर आपण काय केलं असतं?" उत्तरं फार छान आली. कोणी धानाच्या पोह्याचा चिवडा नेणार होतं, कोणी भाषा शिकणार होतं. एक मुलगा म्हणाला, "पयले त्याले विचारू, तुले काय पायजे." विचारू! हाच शब्द धरून मी पुढे गेले.

७) आता नियम आहे

प्रतापसिंह महाराजांच्या वेळी "मला ऐका" ही विनंती होती. आज तो हक्क आहे. मुलांना एवढं तरी कळलं पाहिजे.

भारतीय संविधानाचं कलम २२ सांगतं की अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगावं लागतं, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेसारखे अपवाद त्याच कलमात आहेत, तेही लपवू नका. हे कलम १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं. आणि बाबासाहेबांनी शाळेत नाव कुठे घातलं होतं? साताऱ्यात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. ती शाळा राजवाड्यात भरत असे आणि आज तिचं नाव आहे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल! ज्या राजाला कोणी ऐकलं नाही त्याच्या नावाची शाळा, आणि तिथे शिकलेल्या मुलाने ऐकून घेण्याचा हक्क संविधानात मांडला. हा योगायोग मी सांगते तेव्हा वर्ग अगदी शांत असतो.

परक्या देशात पकडलेल्या माणसासाठीही नियम आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटता येतं. कुलभूषण जाधव यांचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये पाकिस्तानात अटक झाली. भारताला भेट नाकारली गेली. २०१७ च्या डिसेंबरात आई आणि पत्नी भेटायला गेल्या तेव्हा मधे काच होती. १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की पाकिस्तानने या कलमाचा भंग केला आहे.

आणि आपल्या शिक्षकांच्या अभिमानाची एक गोष्ट. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे हे गोव्यात मराठी शिकवणारे शिक्षक होते. १९५५ मध्ये पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं, पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण रानडे गुरुजी परदेशी तुरुंगातच! त्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके आणि इतर अनेकांनी चळवळ चालवली. १९६९ मध्ये ते सुटले. दाराबाहेर उभं राहणारी माणसं नेहमीच हरत नाहीत, हे मुलांना सांगायला ही गोष्ट हवीच.

नियम आहे म्हणून तो पाळला जातोच असं मात्र नाही. थिबाच्याच देशात २०२१ मध्ये पदच्युत झालेल्या आंग सान सू की यांना भेटू द्या, ही मागणी त्यांचे कुटुंबीय आणि जगभरचे कार्यकर्ते करत आले. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न जुना आहे आणि ताजाही.

८) "मले तं कोनी इचारलाच नाई"

आता जे सांगते ते लिहावं की नाही याचा बराच विचार केला.

गोष्ट संपवून मी वर्गाला विचारलं, "राजा दोषी असता, तर त्याचं ऐकायची गरज होती का?" बहुतेकांनी "नाही" म्हटलं. चूक केली तर ऐकायचं कशाला? मी समजावू लागले की दोषी आहे की नाही हे ऐकल्याशिवाय कळणार कसं. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, खाली बघत म्हणाला, "मॅडम, मले तं कोनी इचारलाच नाई."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

महिनाभर आधी हात धुवायच्या जागचा नळ तुटला होता. पाच-सहा मुलांनी याचं नाव सांगितलं. जेवणाची वेळ, पाणी वाहतंय, मी वैतागलेली. मी त्याला आठवडाभर खेळाच्या तासाला वर्गात बसायला सांगितलं. त्यानंतर तो चार दिवस शाळेतच आला नाही. रोवणीचे दिवस होते. मला वाटलं, घरच्यांसोबत बांधीत गेला असेल. चौकशी केली नाही. साक्षी त्याच्या पाठीमागे, निकाल माझा, आणि त्याला एक शब्द बोलायची संधी नाही. लंडनच्या साहेबांना नावं ठेवत मी तासभर गोष्ट सांगत होते!

त्या दिवशी मधल्या सुटीत मी त्याच्याजवळ बसले. पाच मिनिटं. त्याने सांगितलं की नळ आधीपासूनच हलत होता, त्याने फक्त घट्ट पिळला. खरं असेल, नसेलही. नळ नेमका कसा तुटला ते मला आजही ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर सांगितलं, "मी याला न विचारता शिक्षा केली, ते चुकलं." तो हसला-बिसला नाही. पण खेळाच्या तासाला सगळ्यात आधी मैदानावर गेला.

९) वर्गासाठी उपक्रम : तीन रकान्यांची वही

तेव्हापासून आम्ही एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. भांडण, तक्रार, हरवलेली वस्तू, काहीही असो, पानावर तीन रकाने आखायचे :

१. आरोप काय आहे?
२. पुरावा काय आहे? (स्वतः पाहिलं की कोणाकडून ऐकलं?)
३. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं काय?

नियम एकच : तिसरा रकाना रिकामा असेल तर निर्णय नाही. मुलं स्वतःच एकमेकांना थांबवतात, "मॅडम, तिसरा भरला नाही!" ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं दुसऱ्याने लिहायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. मान हलवली की मगच पुढे.

सोबत चर्चेसाठी हे प्रश्न घेता येतील :

– राजाने कागदावर सही करायला हवी होती का? दोन्ही बाजूंनी बोला.
– रंगो बापूजी हरले. मग त्यांची धडपड वाया गेली का?
– एकच गोष्ट पाच जणांनी सांगितली म्हणजे ती खरी असते का?
– लॉडविक यांनी मत बदललं. मत बदलणं म्हणजे कमीपणा का?

उपक्रमाचे फायदे लगेच दिसत नाहीत. वेळ जातो, हे खरं आहे. अभ्यासक्रम मागे पडतो की काय अशी भीतीही वाटते. पण चुगल्या मात्र कमी झाल्यात. कारण तक्रार करणाऱ्याला दुसरा रकाना भरताना विचार करावा लागतो.

पालकांना एक विनंती

घरी दोन भावंडं भांडली की आपण मोठ्याला रागावतो. गुण कमी पडले की आधी ओरडतो, मग विचारतो. बांधीवरून, कामावरून दमून आलेलं माणूस लगेच चिडतं, हे मीही आई म्हणून जाणते. तरी एकदा करून पाहा. ओरडण्याआधी "काय झालं, सांग बरं" एवढं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. मूल चुकलेलं असेल तरीही. चुकलेल्याचंही म्हणणं असतं.

आमच्या त्या वहीच्या पहिल्या पानावर मी नळाचा प्रसंग माझ्या हाताने लिहून ठेवला आहे. तिसरा रकाना त्याने स्वतः भरला, महिनाभर उशिरा. अक्षर वाकडंतिकडं आहे, "घट्ट" चा "ट्ट" चुकला आहे. मी तो दुरुस्त केलेला नाही.

तुमच्या वर्गात ही गोष्ट सांगून पाहा आणि मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.



– एक प्राथमिक शिक्षिका, एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा